पाचवीच्या आधी

[दृश्य : बसकर पट्टीवर कालनिर्णयाचं पान, त्यावर फिरणारं छोटं बोट]

हे बोट तिसरीतल्या मुलीचं आहे. नखात खडूची पूड आहे. पान मागच्या वर्षीचं. तारखांमधली तीन उभी, तीन आडवी अशी नऊ घरं तिनं पेन्सिलीनं आखून घेतली आहेत. ८, ९, १०. शेजारी १५, १६, १७. त्याच्या शेजारी २२, २३, २४.

नऊ आकड्यांची बेरीज तिनं केली, १४४. मग मधल्या १६ ला ९ नं गुणलं. पुन्हा १४४.

दुसरं पान घेतलं, दुसरा चौकोन आखला. तेच. तिसरं पान. तेच.

हे तिला कुणी शिकवलेलं नाही, पाठ्यपुस्तकातही नाही. घरी आई दुधाचा हिशेब कालनिर्णयावर मांडते. त्या बेरजा करता करता पोरीला ही गंमत सापडली.

[दृश्य : डोंगर, वाडी, दोन खोल्यांची शाळा]

बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगरावरची ही जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. मॅडमकडे तिसरी आणि चौथी, एकाच खोलीत, दोन बसकर पट्ट्यांवर. मुलं सोळा. कुणाची बाराखडी कच्ची आहे, कुणाचा हातचा विसरतो. मॅडमचा बराचसा दिवस त्यांच्यामागं जातो आणि तो जायलाच हवा. पण सगळ्यात आधी उदाहरण सोडवून खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलीचं काय करायचं, हे फारसं कुणी विचारत नाही. हुशार मूल आपलं आपण शिकतं, असं आपण धरून चालतो. आम्ही या शाळेत जे पाहिलं, त्यानंतर आम्हाला ते खरं वाटत नाही.

[दृश्य : मॅडम, हातात वही]

ही वही त्याच मुलीची, गेल्या वर्षीची. तेव्हा तिचा दुसरीचा वर्ग मॅडमकडेच होता. पहिली काही पानं पाहा. अक्षर टपोरं, उदाहरणं झटपट सुटलेली. लवकर आटोपलं की मॅडम तिला आणखी वीस उदाहरणं द्यायच्या, तसलीच. दिवाळीपर्यंत मुलगी हळू झाली. आकडे गिरवत बसायची, समासात फुलं काढायची. लवकर संपवलं तर आणखी काम मिळतं, हे तिला कळून चुकलं होतं. मग तिला ‘छोटी मॅडम’ केलं, कच्च्या मुलांना पाढे घ्यायला बसवलं. ते तिला आवडलंही. पण त्या तासात ती स्वतः नवं काही शिकत नव्हती.

मॅडम हे सगळं कॅमेऱ्यासमोर सांगतात, तेव्हा त्यांची नजर वहीवरच असते.

[दृश्य : चिठ्ठ्या कापणारे हात, पत्र्याचा डबा]

आता त्या काय करतात ते पाहा.

नवा घटक सुरू करायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एकेक चिठ्ठी मिळते. चिठ्ठीवर पाच प्रश्न, अजून न शिकवलेल्या भागावरचे. ज्याचे पाचही बरोबर, त्यानं त्या घटकाचा सराव करायचा नाही. वाचलेला वेळ त्याचा आणि पत्र्याच्या या डब्याचा. डब्यात जुनी कालनिर्णयं, एसटीचं वेळापत्रक, दोऱ्याची रिळं, एक फुटका वजनकाटा आणि मॅडमनी हातानं लिहिलेली कार्डं आहेत. कार्डावर एकच प्रश्न असतो आणि त्याला एका दिवसात उत्तर सापडू नये एवढी काळजी घेतलेली असते.

जे आधीच येतं त्याचा सराव कमी करायचा आणि तो वेळ खोलातल्या कामाला द्यायचा, ही पद्धत अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांच्या कामातून पुढं आली. १९७८ मध्ये त्यांनी मांडलं की नुसती तल्लख बुद्धी म्हणजे प्रज्ञा नव्हे. चांगली बुद्धी, नवनिर्मितीची ओढ आणि हातातल्या कामाला चिकटून राहण्याची चिकाटी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ती दिसते. आपल्याकडं त्याच्या कितीतरी आधी, १९६२ मध्ये, डॉ. वि. वि. पेंडसे म्हणजे आप्पांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. १९६९ पासून तिथं बुद्धिमान मुलांसाठी स्वतंत्र प्रशाला आहे. प्रवेश पाचवीला. केंद्र सरकारच्या निवासी नवोदय विद्यालयांची कल्पना १९८६ च्या शैक्षणिक धोरणातली, जिल्ह्याला एक शाळा, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. बीड जिल्ह्यातलं नवोदय गढीला आहे. प्रवेश सहावीला. हे जिने भक्कम आहेत, हजारो मुलं त्यावरून वर गेली. पण पहिली पायरी दहाव्या-अकराव्या वर्षी लागते. या मुलीला आठवं चालू आहे.

[दृश्य : पुन्हा कालनिर्णय, मुलगी आणि मॅडम]

ही फ्रेम आमची सगळ्यात आवडती.

मुलीनं १४४ दाखवल्यावर मॅडम शाब्बास म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “नऊ घरं नको, चारच घे. मग मधला आकडा कुठला?”

८, ९, १५, १६. बेरीज ४८. चारानं भागलं तर १२. आणि १२ तर त्या चौकोनात नाहीच!

दोन दिवस ती या १२ च्या मागं होती. खिचडीच्या रांगेत, हापशावर, परिपाठाला. तिसऱ्या दिवशी पान घेऊन आली. पेन्सिलीनं तिनं चौकोनाचे कोपरे तिरपे जोडले होते. ८ आणि १६, चोवीस. ९ आणि १५, तेही चोवीस. “मॅडम, समोरासमोरचे सारखेच हायेत.” मग आपण होऊन मोठ्या चौकोनाकडं वळली. तिथंही समोरासमोरची प्रत्येक जोडी ३२, म्हणजे १६ ची दुप्पट. अशा चार जोड्या आणि मधला एकटा. नऊ वेळा सोळा का होतं, याचं उत्तर तिच्या हातात होतं.

[दृश्य : ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी, बाभळीचे काटे]

ही गाडी चौथीतल्या मुलाची. धांडं सोलून त्याचा हलका गाभा काढायचा आणि बाभळीच्या काट्यांनी जोडायचा. अशा गाड्या इथं सगळीच पोरं करतात. यानं त्यात खडे भरले. मागं भरले की जू वर उठलं. मोठी माणसं याला गाडी उलाळ झाली म्हणतात. अगदी पुढं भरले की सगळा भार जुवावर. कुठं भरले की गाडी स्थिर राहते, ते यानं एकेक खडा सरकवून शोधलं आणि तिथं साटीवर कोळशानं रेघ मारली. तीन गाड्या मोडल्या. ही चौथी.

वाचन त्याचं अडखळत चालतं. लेखी परीक्षेच्या गुणांवरून निवडायचं म्हटलं तर याचं नाव कुठल्याच यादीत येणार नाही. मॅडमच्या वर्णनात्मक नोंदवहीत मात्र तारखेसह लिहिलं आहे: ‘भार कुठं असावा हे प्रयोग करून ठरवतो. वजनकाटा दिला.’

दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला निघाले, तोही गेला. एप्रिलमध्ये परत आला. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात आहे.

[दृश्य : कपाटातली पुस्तकं, डी.एड.ची जुनी वही]

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे की विशेष प्रतिभेची मुलं शाळेनं ओळखावीत, त्यांना नेहमीच्या अभ्यासापलीकडं वाव द्यावा आणि ती कशी ओळखायची हे शिक्षक-प्रशिक्षणात शिकवावं. मॅडमच्या डी.एड.च्या वहीत या विषयावर एक प्रश्न आहे. ‘प्रज्ञावान बालकाची लक्षणे लिहा.’ खाली सहा लक्षणं, मागच्या पानावरही काही नाही. डबा, चिठ्ठ्या, कार्डं हे सगळं त्यांनी पुढं नोकरीत लागल्यावर उभं केलं, इथल्या-तिथल्या शिक्षकांना विचारून, चुकत, बदलत. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत त्यांनी हा डबा मांडला, तेव्हा तीन शाळांनी कार्डांच्या नकला मागून नेल्या.

[दृश्य : शाळा सुटायची वेळ, फळा]

मुलगी दप्तर पाठीला लावून परत आली आहे. तिला चौकोन नको, अधिकची खूण हवी आहे. मधला १६, वर-खाली एकेक, डावी-उजवीकडं एकेक. “पाचच घरं घेतली तर चालंल का, मॅडम?”

मॅडम उत्तर देत नाहीत. खडू तिच्यापुढं धरतात.