‘मला दुसरं काही येत नाही’

मागे ऐकू येतंय ना? बरं. विषय दिलाय ‘करिअर बदलताना आपली कौशल्यं कशी ओळखावीत’, वेळ चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा सत्कारात गेली. शालीवर माझा राग नाही, पण मे महिन्यात?

मी बँकवाला. २००१ च्या आसपास सरकारी बँकांत व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, लाखभर लोक बाहेर पडले, त्यातला मी एक. पण माझं नंतर, आधी वडिलांचं सांगतो, घरचे ऐकून कंटाळलेत, तुम्ही नवीन आहात.

वडील मुंबईच्या कापडगिरणीत, साचाखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात तिथे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर, आणि तो संप मिटला असं अजून कुणी रीतसर जाहीर केलेलं नाही. लालबाग-परळवाले हसतायत, त्यांना सांगायला नको. तर कुणीही विचारलं, “काय काम येतं?” की वडिलांचं ठरलेलं, “साचा चालवतो, दुसरं काही येत नाही.” ह्या एका वाक्यावर हा माणूस सहा वर्षं मुलुंडला एका सोसायटीच्या गेटवर स्टुलावर बसला.

एकदा दुपारी जेवताना त्यांचा हात थांबला, डबा तसाच टाकून पंपाच्या खोलीत गेले आणि मोटर बंद केली. वरून सेक्रेटरी ओरडतोय, टाकी भरली नाही म्हणून. मेकॅनिक आला, त्याला म्हणाले, मागचं बेअरिंग गेलंय. तो हसला, आता वॉचमन शिकवणार! उघडलं तर छर्रे खाली घरंगळले. “काका, कसं कळलं?” तर म्हणे, “आवाज वाकडा येत होता.” आता बघा, साचाखात्यात शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागायचं, त्या गोंगाटात आपल्या चार साच्यांपैकी कुठल्याचा आडवं सूत नेणारा धोटा बिघडलाय हे वडिलांना पाठमोरं कळायचं. ते त्यांनी कामात कधी धरलंच नव्हतं. त्या मेकॅनिकने पुढच्या रविवारी बरोबर नेलं, मग चौदा वर्षं पंप दुरुस्ती केली. आई एवढंच म्हणाली, “मग सहा वर्षं कान घरी ठेवून जात होतात का?”

आईचं आणखी वेगळं. बारा गाळेवाल्यांची, म्हणजे खोलीत एकत्र राहणाऱ्या कामगारांची खानावळ चालवायची, कुणाला किती दिवस उधार द्यायचं हे तोंड बघून ठरवायची, आणि फॉर्मवर लिहायची ‘घरकाम’. आम्ही बँकवाले ह्यालाच पतपारख म्हणून पगार घेतो! अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरवांना १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करावं लागलं, तोवर आम्हाला ह्यात धंदा दिसलाच नव्हता.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, मुद्दा तर आत्ता सुरू होतोय. बरं, पटापट.

पदाचं नाव खोडा, दिवसभर हात काय करतात ते लिहा. मी ‘कॅशियर’ लिहायचो, नोटा तर मशीनही मोजतं. पण चिडलेलं गिऱ्हाईक सगळे माझ्या काउंटरला पाठवायचे, हे मला व्हीआरएसनंतर दोन वर्षं शेअरमध्ये पैसे बुडवल्यावर लक्षात आलं, मग एका हॉस्पिटलच्या बिलिंगला लागलो, तिथे तर चिडलेल्यांना तोटाच नाही. घाम गाळून जमतं ते आपण मोजतो, आपसूक होतं ते सोडून देतो, म्हणून स्वतःला विचारून भागत नाही. दुसरं, कान आहे म्हणून पोट भरत नाही, तो कान लागणारा मेकॅनिक भेटावा लागतो, तेव्हा राजीनामा खिशातच ठेवा, आधी चार रविवार ते काम करून बघा. वडिलांनीही वॉचमनची नोकरी लगेच सोडली नव्हती.

आणि आज घरी गेल्यावर तीन जुन्या सहकाऱ्यांना फोन करून विचारा, “तू माझ्याकडे कशासाठी यायचास?” माझ्या मित्राने विचारलं होतं, तिघांचंही उत्तर आलं, “उसने पैसे मागायला.” त्याचं काय करायचं ते चहाच्या वेळी सांगतो, अध्यक्ष घड्याळ बघतायत.