गप्प उभं राहण्याचा हक्क

नमस्कार श्रोतेहो. घरात पाचवी ते दहावीतलं कुणी असेल तर त्यांनाही रेडिओजवळ बोलवा. आजचा खटला त्यांच्याच वयाच्या मुलांचा आहे.

केरळच्या कोट्टायम जिल्ह्यातली एक शाळा. एकाच घरातली तीन भावंडं तिथे शिकत होती, एक दहावीत, एक नववीत, एक पाचवीत. परिपाठाला राष्ट्रगीत सुरू झालं की तिघंही सगळ्यांसारखीच आदरानं उभी राहायची, फक्त गायची नाहीत. हे कुटुंब यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातलं. राष्ट्रगीताच्या शब्दांबद्दल किंवा अर्थाबद्दल त्यांची तक्रार नव्हती, पण ते गाणं त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. त्यांच्या थोरल्या बहिणीही याच शाळेत अशाच उभ्या राहून शिकून गेल्या होत्या. कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

मग आला जुलै १९८५. निकालपत्रात लिहिलंय की ‘कुणा देशभक्त गृहस्थांच्या’ हे लक्षात आलं, आणि हे गृहस्थ निघाले आमदार! न्यायमूर्तींनी हे गालातल्या गालात हसत लिहिलं असावं, असं मला दर वेळी वाटतं. विधानसभेत प्रश्न आला, चौकशी आयोग बसला. आयोगानं सांगितलं, मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही. खरं तर इथेच विषय मिटायचा. पण शिक्षण उपनिरीक्षकांची सूचना आली आणि २६ जुलैला तिघांना शाळेतून काढून टाकलं. सरकारचा निर्णय येईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्या, अशी विनंती वडिलांनी केली. मुख्याध्यापिका बाईंनी हात वर केले.

केरळ उच्च न्यायालयात आधी एका न्यायाधीशांनी आणि मग खंडपीठानं याचिका फेटाळली. खंडपीठानं तर राष्ट्रगीत शब्द न् शब्द तपासलं आणि कुणाच्या धर्माला धक्का लागेल असं त्यात काहीच नाही, असं म्हटलं. ते खरंच होतं. पण वाद त्यावर नव्हताच ना!

सर्वोच्च न्यायालयानं आधी कायद्याचं पुस्तक उघडलं. राष्ट्रगीत गायलंच पाहिजे, असं कोणता कायदा सांगतो? राष्ट्रीय प्रतीकांचा अपमान रोखणारा १९७१चा कायदा राष्ट्रगीत मुद्दाम अडवणाऱ्याला किंवा गाणाऱ्यांत गोंधळ घालणाऱ्याला शिक्षा करतो. गप्प उभं राहणारं मूल त्यात कुठेच बसत नाही. मग शिक्षण खात्याची परिपत्रकं पुढे आली. न्यायालय म्हणालं, परिपत्रकाला कायद्याचं बळ नसतं, आणि मूलभूत हक्काला मुरड घालायची तर कायदाच लागतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ नं दिलेल्या बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचं स्वातंत्र्यही आलं. धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या अनुच्छेद २५ बद्दल न्यायालयानं सांगितलं की एखाद्याची श्रद्धा आपल्याला पटते का, हे न्यायाधीशांनी बघायचंच नाही. ती मनापासूनची आहे ना, एवढंच बघायचं.

बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, ११ ऑगस्ट १९८६. बिजो म्हणजे या तीन भावंडांपैकीच एक. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि एम. एम. दत्त यांनी मुलांना परत शाळेत घ्या, असा हुकूम दिला. तोवर वर्ष उलटून गेलं होतं, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाचं वर्ष म्हणजे काय, ते आईबापांना विचारा.

या निकालात अमेरिकेतल्या १९४३च्या एका खटल्याचाही आधार घेतलाय. तिथेही याच पंथाची मुलं होती आणि झेंड्याला सलामी देण्याची सक्ती होती. १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सक्तीच्या बाजूनं कौल दिला होता. तीन वर्षांत, तेही महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच न्यायालयानं तो फिरवला.

आता कुणी म्हणेल, मग उद्या पोरं म्हणतील आम्हाला परिपाठच नको. तसं नाही हो. ही मुलं रोज रांगेत हजर होती, आदरानं उभी होती, आणि सगळा निकाल त्यावरच तर उभा आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजवणं सक्तीचं केलं होतं. ९ जानेवारी २०१८ ला न्यायालयानं स्वतःच ती सक्ती उठवली, पण राष्ट्रगीत वाजलंच तर प्रेक्षकांनी त्याचा मान राखायचा, हे कायम ठेवलं.