अण्णांचा वेताळ
(माहितीपटाचं निवेदन)

हा खटाखट आवाज येतोय ना, तो मागाचा. सोलापूरच्या पूर्व भागात राहायचं तर पहाटे अलार्म लावायची गरज पडत नाही. अशोक चौकाच्या बाजूला एका बोळातून कॅमेरा आत चाललाय, दोन्हीकडं वाळत टाकलेलं सूत, लाल, हिरवं, मोरपंखी, आणि मग हे निळं दार. दारावर खडूनं काढलेली खूण बघा. शेजारच्या बायकांना वाटतं रांगोळीचाच काहीतरी प्रकार आहे. पण ज्यानं लहानपणी कॉमिक्समधला वेताळ वाचलाय तो बरोबर ओळखेल, चार तलवारी एकमेकींत अडकवल्यासारखी ही खूण म्हणजे वेताळच्या डाव्या हातातल्या अंगठीचा शिक्का. उजव्या हातात कवटी, ती गुंडांच्या जबड्यावर उमटते, आणि डाव्या हातातली ही, ज्या दारावर असेल त्या घराला वेताळचं संरक्षण. पावसानं पुसली की अण्णा परत काढतात.

अण्णांचं नाव आपण घेणार नाही, त्यांचीच तशी अट होती. गल्ली अण्णा म्हणते, आपणही अण्णाच म्हणू.

(ट्रंक उघडते)

ही ट्रंक. आत सगळ्यात वर कडुलिंबाचा वाळलेला पाला, त्याखाली जुनं धोतर, आणि धोतराच्या घडीत एकावर एक इंद्रजाल कॉमिक्स, सगळी मराठी. अशा चार ट्रंका आहेत. अण्णांच्या वहीप्रमाणं आज ३१२ अंक आहेत आणि त्यातले पाऊणएकशे तरी कव्हर नसलेले. इंग्रजी अंक कोणी फुकट दिले तरी अण्णा दुसऱ्याला देऊन टाकतात. "इंग्रजी सांभाळणारे लई हायत ओ, मराठीला कोन हाय?" हे ते आम्हाला दोन दिवसांत किमान सहा वेळा म्हणाले, आणि खरं सांगायचं तर ही फिल्म आम्ही त्या एका वाक्यासाठी केली.

थोडं मागं जाऊ. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकानं १९३४ ला मँड्रेक जादूगार आणला आणि दोन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १९३६ ला, पेपरात रोजच्या पट्टीत फँटम, म्हणजे आपला वेताळ, सुरू केला. पहिली चित्रं रे मूरची. गोष्ट अशी की १५३६ साली समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून एकच जण वाचून किनाऱ्याला लागतो, बापाला मारणाऱ्याची कवटी हातात घेऊन शपथ घेतो की मी आणि माझी पुढची पिढी चाच्यांशी, अन्यायाशी लढणार. मग बाप गेला की पोरगा तोच पोशाख घालतो, तोच मुखवटा, म्हणून लोकांना वाटतं हा मरतच नाही. आपण वाचला तो एकविसावा. अंगात कसली दैवी ताकद नाही, उडता येत नाही, गोळी लागली की रक्त येतं. फक्त घराण्यात चालत आलेलं काम आहे आणि ते तो करतो. ज्या शहरात आजोबाचा माग बापाकडं आणि बापाचा पोराकडं येतो तिथल्या पोराला हे वेगळं समजवायला लागत नाही.

आपल्याकडं तो आला मार्च १९६४ ला. टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमननं इंद्रजाल कॉमिक्स काढलं, पहिलाच अंक वेताळच्या पट्ट्याची गोष्ट. आधी महिन्याला एक, मग पंधरा दिवसाला, आणि ८१ पासून दर आठवड्याला. पुढं मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, डिसेंबर १९७६ ला आबिद सुरतींचा बहादूर आला. पण पहिले ३२ अंक नुसते वेताळचे. एप्रिल १९९० ला बंद पडलं तोवर ८०३ अंक झाले होते, आणि गंमत म्हणजे आकडा ८०५ पर्यंत गेलाय, कारण १२३ आणि १२४ नंबर संपामुळं छापलेच गेले नाहीत. नवीन माणूस हे दोन अंक शोधत वर्ष वर्ष फिरतो आणि जुने लोक त्याला मुद्दाम सांगत नाहीत. अण्णा सांगतात. लगेच सांगतात.

आता नावाचं बघा. हिंदीत वेताल, मराठीत वेताळ, आणि माझ्या मते मराठीत बसलं तसं हे नाव दुसरीकडं कुठंच बसलं नाही. आपल्याकडं वेताळ काय आजचा आहे का, गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेला दगड असतो, तो वेताळ. भुतांचा राजा, पण गाव राखणारा. रात्री त्याची पालखी निघते म्हणतात, दिवट्या दिसतात म्हणतात. मुखवटा घालून जंगलात फिरणारा, मरत नाही असं लोक मानतात, वाईटाला भिववतो आणि चांगल्याला राखतो, अशा माणसाला दुसरं नाव काय देणार होते? ज्या कुणी हे नाव लावलं त्याला माझा नमस्कार. शब्दाला शब्द ठेवून भागवलं असतं तर अण्णांच्या आज्जीनं हातात घेतलं नसतं, ती वेताळ म्हणल्यावर अंकाला हात जोडायची.

मूळ इंग्रजीत वेताळच्या देशाचं नाव बंगालशी मिळतंजुळतं, म्हणून इंद्रजालनं ते डेंकाली केलं, आणि सिंग चाच्यांचं सिंगा केलं. आमच्या पिढीनं नकाशात डेंकाली शोधलेलं आहे, मीही शोधलंय. गोरा माणूस जंगलातल्या लोकांचा राखणदार कशाला, हा प्रश्न आज पडतो आणि तो पडायलाच पाहिजे.

(अण्णा खाटेवर बसलेले, हातात अंक)

अण्णांच्या घरात तेलुगू. आईबाप पद्मशाली, घरात माग, पोराला टाकलं नगरपालिकेच्या मराठी शाळेत आणि मास्तर काय बोलतो ते दोन वर्षं कळेना. मग मागावर कामाला येणाऱ्या एका कामगाराच्या डब्याला गुंडाळलेलं एक पान हातात आलं. वेताळ घोड्यावर, खाली दोन ओळी मराठी. "चित्र बघून समजायचं की काय म्हनत आसंल, मग अक्षर लावायचं." तसं करत करत वाचता आलं. मग भाड्यानं कॉमिक्स देणाऱ्या टपरीवर, दिवसाला दहा पैसे, तिथंच उभं राहून वाचलं तर पाच. अण्णा कायम पाचवालं गिऱ्हाईक. म्हणजे लहानपणी एकसुद्धा अंक स्वतःचा नव्हता. पहिला विकत घेतला तो पगार सुरू झाल्यावर, रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवरनं, आणि गाडी सुटून गेली तरी हे बाकड्यावर वाचत बसलेले, गाडीनं कुठं जायचंच नव्हतं.

आता हे जरा जवळनं बघा. अंकाच्या मधल्या पिना. कागद वर्तमानपत्राचा, हलका, त्याच्यातच आम्ल असतं, म्हणून वर्षं गेली की पिवळा पडतो, कडेनं तुटतो. आपल्या सोलापूरचं ऊन कडक पण हवा कोरडी, मुंबईसारखी बुरशी धरत नाही, हा एक फायदा. पण पिन गंजते. गंज कागद खातो, पिनेभोवती हे तपकिरी डाग दिसतात ना ते त्याचे, आणि एक दिवस मधलं पान सुटून येतं. अण्णा काय करतात, बोथट सुरीनं पिनेचे दोन्ही पाय सरळ करतात, एकदम हळू, नखानं पान दाबून धरतात, पिन मागनं काढतात. मग त्याच भोकातनं सुती धागा, वीस नंबरचा, मागावरचाच, दोनदा ओवून आत गाठ मारतात. बाहेरनं काही दिसत नाही. एका अंकाला वीस मिनिटं. डिंक नाही, चिकटपट्टी तर अजिबात नाही, चिकटपट्टीवाला अंक दाखवला तर अण्णांचा चेहरा असा होतो (हे बघा). रोज रात्री जेवण झालं की एक अंक, सणावारालासुद्धा. घरातल्या अक्का म्हणतात, "वेताळला टाका घालू लालाय, आता बोलू नका." आम्ही बोललो नाही, कॅमेरा लावून बसलो, तो शॉट पूर्ण ठेवलाय.

(भिंतीवरचा पडदा)

आणि आता हे. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं छापलेलं आहे. हात लावला तर विणलेलं.

अण्णा आयुष्यभर जॅकार्डचं कार्ड पंचिंग करत होते, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या कार्डांना भोकं पाडायचं काम. सोलापुरी चादरीवरची नक्षी, पडद्यावरचे देवांचे आणि पुढाऱ्यांचे चेहरे, हे सगळं कार्डावर असतं. फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार्डनं १८०४ च्या सुमाराला काढलेली ही पद्धत, आणि सोलापूरनं ती अशी उचलली की जणू इथंच जन्मली. आधी आलेख कागद, त्याचा एक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक भेट. चौकोन रंगवला की तिथं कार्डाला भोक. भोक असलं की उभा धागा वर उचलला जातो, धोटा खालनं जातो. भोक नसलं की धागा खालीच. एका आडव्या धाग्याला एक कार्ड, रंग वाढले की कार्डं वाढली, आणि सगळी कार्डं दोरीनं ओवून अशी माळ करायची, ती मागाच्या डोक्यावर फिरत राहते.

काम सुटायच्या आदल्या वर्षी अण्णांनी मालकाला विचारून घेतलं आणि रविवारी रविवारी येऊन वेताळ काढला. चित्र निवडायलाच दोन महिने. कव्हरवरचा हवा होता, गोविंद ब्राह्मणियांच्या हातचा, त्यांनी केलेली कव्हरं म्हणजे आमच्या पिढीचं पहिलं चित्रप्रदर्शन. पण रंगवलेली सावली धाग्यात उतरत नाही, उतरवायची तर रंग लागतात बारा आणि मागावर मिळणार तीन. म्हणून आतल्या पानावरचा घेतला, वेताळचा नंतरचा चित्रकार साय बॅरी याच्या रेषेचा, कवटीच्या सिंहासनावर बसलेला. काळी रेष स्वच्छ, मोकळी जागा मोकळी. आलेखावर उतरवायला चार महिने गेले. मुखवट्याच्या डोळ्यात बुबुळ नसतं, नुसती पांढरी फट असते, ती अण्णांनी नऊ वेळा खोडली. एक चौकोन इकडं गेला तर वेताळ झोपेत दिसतो, एक तिकडं गेला तर घाबरलेला. तो आलेख अजून आहे, डोळ्याच्या जागी कागद खोडून खोडून पातळ झालाय, आरपार उजेड येतो. दाखवतोय बघा.

मग रंग. जगभर वेताळ एका रंगाचा नाही. स्वीडन, नॉर्वेत निळा, इटलीत, तुर्कस्तानात, ब्राझीलमध्ये लाल. ली फॉकच्या डोक्यात तर करडा होता, १९३९ ला रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा जांभळा होऊन बसला. आपला जांभळा. आणि नेमकं जांभळं सूत तयार मिळेना, मिळालं ते वांगी नाहीतर गुलाबीकडं जाणारं. अण्णा एक अंक शर्टाच्या आत घालून रंगाऱ्याकडं गेले आणि कव्हर त्याच्यासमोर धरलं, असा पाहिजे म्हणाले. रंगारी म्हणाला दोन किलोच्या खाली हौद लावत नाही. दोन किलो घेतलं. पडद्याला लागलं पावशेर. उरलेल्या सुताचं काय झालं ते अक्कांच्या दारातल्या तोरणाकडं बघा, नातीच्या झबल्याकडं बघा, आणि शिवलेल्या अंकाच्या मधल्या पानावरची गाठ बघा, आता ती जांभळी आहे.

(पडद्यावरून कॅमेरा सावकाश खाली)

पडदा एकच विणला. दुसरा काढा म्हणून मागणी आली, पैसे बरे मिळत होते, अण्णांनी नाही काढला. चित्र आपलं नाही, घरात लावायला ठीक, विकायला नको, असं त्यांचं म्हणणं. कार्डांची माळ माळ्यावर ठेवलीय.

बाकीच्या वस्तू पटकन दाखवतो. ही पितळेची कवटीची अंगठी, ओळखीच्या सोनाराकडनं करून घेतलेली. हे फँटम नावाच्या गोड सिगारेटचं रिकामं पाकीट, पांढरी साखरेची कांडी, टोकाला लाल, ती तोंडात धरून आपण सगळेच मोठ्या माणसांसारखे उभे राहिलोय. हे नव्वदनंतरचे डायमंड कॉमिक्सचे जाड डायजेस्ट, हिंदी, अण्णांनी ठेवलेत पण वेगळ्या पिशवीत.

अण्णांचा पोरगा पुण्याला असतो, दोन खोल्या, ट्रंका तिथं मावणार नाहीत. एका संस्थेला विचारलं होतं, मराठी कॉमिक्स आमच्या यादीत बसत नाहीत म्हणाले.

(रद्दीचं दुकान, दुपार)

शेवटचं शूटिंग आम्ही अण्णांच्या मागं मागं केलं. महिन्यातनं दोनदा ते सायकलवर निघतात, नवी पेठेच्या बाजूनं, मग बाळीवेस, मग स्टेशनकडं, रद्दीची ठरलेली सात-आठ दुकानं. मे महिना होता, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. रद्दीवाल्याला काही सांगावं लागत नाही, तो हातानंच खूण करतो, आत कोपऱ्यात. अण्णा चष्मा पुसतात, खाली बसतात. दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, वह्या, लग्नाच्या पत्रिका, एक एक बाजूला. रद्दीत पातळ अंक कधी वर नसतो, कायम तळाला असतो, वजनानं दबलेला, म्हणून गठ्ठा खालनं उचलायचा.

इथं आम्ही काही बोलत नाही, तुम्हीही बघा.

मराठीच आहे. कव्हर नाही, शेवटची दोन पानं नाहीत, कडेला कुणीतरी पेनानं बेरीज केलीय. अण्णांनी खिशातनं वही काढली, पहिल्या पानाच्या चित्रावरनं नंबर लावला, बोट ठेवून दोनदा तपासलं. मग रद्दीवाल्यानं तो बाकीच्या रद्दीबरोबर ताजव्यात टाकायला हात पुढं केला तसं अण्णा म्हणाले, "ह्याला वजनात घेऊ नको बाबा," आणि दहाची नोट त्याच्या हातात दिली.