कार्बन व्हील घेताय? आधी टायर ठरवा

नमस्कार मंडळी. कार्बन व्हील घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा सुरू होते ती रिमच्या खोलीची, म्हणजे टायरच्या काठापासून स्पोकपर्यंत रिम किती मिमी आहे त्याची. पस्तीस घेऊ, पन्नास घेऊ की साठ? हा प्रश्न खरं तर बराच नंतरचा आहे. पहिला प्रश्न टायरचा. तुमच्या रोजच्या रस्त्यावर कुठला टायर किती हवेवर चालणार, हे एकदा पक्कं झालं की रिमची रुंदी ठरते, हुक हवा की नको ते ठरतं, आणि खोलीचा निर्णय आपोआप सोपा होतो. त्याच क्रमाने जाऊया. मग व्हील घरी आल्यावर ते टिकवायचं कसं, तेही हातात घेऊन बघू.

आपले रस्ते डोळ्यांसमोर आणा. काँक्रीटच्या स्लॅबमधले सांधे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, पट्टे पुसले गेलेले गतिरोधक, आणि पावसाळ्यात पाण्याखाली दडलेला खड्डा. कार्बन रिम तुटते ती बहुतेक वेळा अशाच ठिकाणी. टायर पूर्ण दबतो आणि खड्ड्याची कड थेट रिमच्या काठावर बसते. त्यावर उपाय दोनच: हवा वाढवा किंवा टायर मोठा घ्या. हवा वाढवली की सायकल उडते, पकड जाते आणि खडबडीत रस्त्यावर वेगही कमी होतो. म्हणून टायर मोठा. २८ मिमी ही खालची हद्द धरा. फ्रेममध्ये जागा असेल तर ३० किंवा ३२ बसवा. रुंद रिमवर टायर छापील आकड्यापेक्षा जरा जास्तच फुगतो, म्हणून हवा भरून व्हर्नियरने मोजा आणि फ्रेमपासून दोन्ही बाजूंना ४ मिमी तरी मोकळे राहतात ना, ते बघा.

आता रिमची आतली रुंदी. २८ ते ३० मिमीच्या टायरसाठी २१ किंवा २३ मिमी उत्तम. २५ मिमी आतली रुंदी ऐकायला छान वाटते, पण तिथे २८चा टायर लावायचा विचार सोडून द्या. का, ते हुकलेस, म्हणजे बिनहुकाच्या रिमकडे वळलो की कळेल.

(जवळून: दोन रिमचे कापलेले तुकडे शेजारी शेजारी)

डावीकडच्या रिमचा काठ बघा. आतल्या बाजूला छोटी कड वळलेली आहे. हा हुक. हवा भरली की टायरची बीड, म्हणजे टायरची आतली कडक कड, या कडेखाली अडकते. उजवीकडे भिंत सरळ आहे, हुक नाही. ही हुकलेस. साचा सोपा असल्यामुळे बनवायला स्वस्त, काठ जाड असल्यामुळे दणका सोसायला बरी. पण इथे टायरला जागेवर धरून ठेवतं ते फक्त बीडचं रिमवर घट्ट बसणं. त्यामुळे नियम कडक आहेत. हवा जास्तीत जास्त ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. टायर ट्यूबलेसचाच, म्हणजे ट्यूबशिवाय चालणारा, आणि तोही हुकलेसवर चालतो असं टायर कंपनीने स्पष्ट लिहिलेला. आत ट्यूब टाकणार असाल तरी टायर हाच लागतो. कॉन्टिनेंटलचा साधा जीपी ५००० आणि जीपी ५००० एस टीआर हे दिसायला भाऊ-भाऊ, पण पहिला हुकलेसवर लावायचा नाही, दुसरा चालतो.

फेब्रुवारी २०२४मध्ये यूएई टूर या शर्यतीच्या पाचव्या टप्प्यात बेल्जियन रेसर थॉमस डी गेंट पडला आणि त्याचा टायर रिमवरून निघून आला. रिम हुकलेस, आतली रुंदी २५, टायर २८. नेमकं कारण काय यावर कंपन्यांचं आणि इतरांचं एकमत झालं नाही. दगडाचा दणका बसला होता, असंही सांगितलं गेलं. पण २५ मिमीच्या हुकलेस रिमवर टायर किमान २९ मिमीचा असावा, ही मानकातली अट त्यानंतर सगळ्यांना पाठ झाली. म्हणून म्हटलं, २५वर २८ नको.

आमचं मत विचाराल तर आपल्याकडे हुक असलेली रिम घ्या. शिमानोच्या सी३६, सी५०, सी६० या हुकवाल्या आहेत, आतून २१ मिमी. झिपची ३०३ एस किंवा जायंटच्या कॅडेक्सपैकी बऱ्याच रिम हुकलेस आहेत. त्यांच्यात खोट नाही. पण लांबच्या गावी टायर फाटला, तर तालुक्याच्या दुकानात जो टायर मिळेल तो हुकवाल्या रिमवर बसण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. मुक्कामी फिरणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

हवेबद्दल. वजन ७० किलो, टायर २८, ट्यूबलेस, आतली रुंदी २१-२३ असेल तर पुढे ६० आणि मागे ६४ पीएसआयच्या आसपास सुरुवात करा आणि दोन-दोनने कमी-जास्त करून बघा. ९० किलोच्या माणसाला २८ मिमीच्या टायरवर हुकलेसची हद्द जवळ येते. त्याने सरळ ३० किंवा ३२ घ्यावा. रिमवर एक कमाल दाब छापलेला असतो, टायरवर दुसरा. दोन्हींपैकी जो कमी, तो तुमचा. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने कार्बन व्हीलमध्ये हवा भरू नका. तो ट्रकसाठी लावलेला असतो. एवढ्याशा टायरमध्ये पन्नासाचे शंभर पीएसआय क्षणात होतात. गेज असलेला फ्लोअर पंप घरी हवाच.

आता खोली. ज्याला एकच जोडी घ्यायची आहे त्याने ४० ते ५० मिमीमध्ये राहावं. ६० किलोच्या आतले रायडर ३५ ते ४०. आडव्या वाऱ्याचा खेळ पुढच्या चाकावर चालतो, कारण ते हँडलला जोडलेलं आहे. मागचं खोल असलं तरी तितकं छळत नाही. म्हणून पुढे ४०, मागे ५० ही जोडी छान जमते. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर कंटेनर शेजारून गेला की आधी वारा अडतो आणि मग एकदम ढकलतो, तिथे पुढच्या साठच्या रिमवर हात घट्ट होतात. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेनेही २०२६पासून रोड रेससाठी रिमची खोली ६५ मिमीपर्यंतच ठेवली आहे. हवेचा फायदा पूर्ण मिळायला रिमची बाहेरची रुंदी टायरच्या मोजलेल्या रुंदीपेक्षा निदान पाच टक्के जास्त हवी. टायर २९ भरला तर रिम साधारण ३०.५. हे जमलं तर उत्तम. न जमलं तर त्यासाठी टायर बारीक करू नका.

वजनाचा हिशेब एकदा मांडून टाकू. नव्या सायकलवर आलेली अॅल्युमिनियमची जोडी १८०० ग्रॅम, कार्बनची १५००. वाचले ३०० ग्रॅम. सायकल आणि तुम्ही मिळून ८० किलो. म्हणजे ०.३७५ टक्के. सिंहगड ४५ मिनिटांत चढत असाल तर वाचतील साधारण १० सेकंद. चाक फिरतं म्हणून त्याचं वजन दुप्पट मोजायचं, हे वेग वाढवताना काही अंशी खरं आहे, एकसारख्या चढावर नाही. त्यामुळे १५००ऐवजी १३५० ग्रॅमसाठी वाढीव पैसे मोजण्यापेक्षा चांगला हब (चाकाचा मधला भाग) आणि पितळी निपल (स्पोक रिमला धरणारे छोटे नट) मागा.

रिम ब्रेकवाल्यांसाठी थोडं वेगळं बोलतो. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला, तर सगळी उष्णता रिमच्या काठात साठते. कार्बनचे धागे रेझिनने धरलेले असतात. ते रेझिन एका तापमानानंतर मऊ पडतं, आणि आतून टायरचा दाब काठ बाहेर ढकलत असतो. काठ फुगतो, सुटतो. त्यामुळे ब्रेक तुटक मारायचा: जोरात दाबायचा, सोडायचा, पुढचा-मागचा आलटून पालटून. पॅड कार्बनचेच, आणि कधीही अॅल्युमिनियम रिमवर वापरलेले नकोत, कारण त्यांत रुतलेले धातूचे कण कार्बनला ओरखडे पाडतात. लेटेक्स ट्यूब अजिबात नाही. आणि घाट तुमच्या रोजच्या वाटेवर असेल, तर रिम ब्रेकच्या सायकलला अॅल्युमिनियमचीच रिम ठेवा. पावसात तर कार्बनच्या काठावर ब्रेक आधी पाणी पुसतो आणि मग धरतो. डिस्कवाल्यांना ही काळजी नाही.

(जवळून: पांढरी बुरशीसारखी पूड धरलेली निपल)

हे नीट बघा. स्पोक रिममध्ये शिरतो तिथे पांढरी पूड दिसते आहे. कार्बन वीज वाहून नेतो. अॅल्युमिनियम त्याला टेकलं आणि मध्ये खारं पाणी आलं, की दोघांची छोटी बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम झिजत जातं. मुंबई, कोकण, गोवा इथे हवेतच मीठ आहे. त्यात घाम आणि रिमच्या टेपमधून झिरपलेलं सिलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरमधलं भोकं बुजवणारं द्रव. वरून निपल धड दिसते आणि एक दिवस तिचं डोकं तुटून रिमच्या आत खुळखुळायला लागतं. पितळी निपल घेतल्या तर ४८ निपलमागे वजन वाढतं साधारण ३० ग्रॅम. किनाऱ्यावर राहणाऱ्याने हे ३० ग्रॅम आनंदाने वाहावेत. निपल बाहेरून दिसणाऱ्या हव्यात, हेही विचारून घ्या. आत लपलेल्या निपल असल्या की साधा आउट (चाकाचं डोलणं) काढायलाही टायर, टेप, सिलंट सगळं उतरवावं लागतं.

आता देखभाल. ट्यूबलेसची टेप आधी. जुनी टेप काढा, डिंकाचा अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ३ मिमी रुंद हवी, म्हणजे ती मधल्या खाचेतून दोन्ही काठांच्या बुडापर्यंत पोचते. व्हॉल्व्हच्या भोकाच्या १० सेंटीमीटर आधी सुरू करा, ताणून धरत पूर्ण फेरी मारा आणि भोक ओलांडून तेवढीच पुढे न्या. म्हणजे भोकावर दोन थर येतात. भोक कटरने कापू नका, तापवलेल्या दाभणाने पाडा. कडा वितळून बंद होतात, फाटत जात नाहीत. मग ट्यूब टाकून टायर रात्रभर हवेवर ठेवा, टेप नीट दाबून बसते. दुसऱ्या दिवशी ट्यूब काढून व्हॉल्व्ह बसवा. त्याची चकती बोटांनीच आवळायची, पकडीने नाही. २८च्या टायरला ३० ते ४० मिली सिलंट पुरतं. मार्च ते मे ते लवकर वाळतं, दर दोन महिन्यांनी बघा. स्पोकच्या भोकातून सिलंट बाहेर येत असेल तर टायरवर संशय नको, टेप गळते आहे.

मोठा दणका बसला, तर घरी येऊन टायर उतरवा. रिम ओल्या फडक्याने पुसा, टॉर्च तिरपा धरा. अंगठ्याचं नख दोन्ही काठांवरून सावकाश फिरवा. मग कापसाचा बोळा फिरवा, तंतू जिथे अडकेल तिथे थांबून बघा. स्पोकची आणि व्हॉल्व्हची भोकं तपासा, तिथून केसासारखी चीर निघते. त्यानंतर नाण्याने दोन-तीन सेंटीमीटरवर टकटक करत फेरी मारा. माठ घेताना वाजवून बघतो तसंच हे. धड जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटले असतील तिथे बद्द. व्हॉल्व्हजवळ आणि भोकांशेजारी आवाज मुळातच थोडा बदलतो, म्हणून दुसऱ्या बाजूच्या तशाच जागेशी तुलना करा. चीर, फुगवटा किंवा बद्द आवाज, यांपैकी एक जरी सापडलं तरी ते चाक त्या दिवसापासून बंद. वरून एपॉक्सी फासून चालवायचं नाही. व्हील घेतानाच कंपनीची क्रॅश रिप्लेसमेंटची, म्हणजे अपघातात तुटलेलं चाक बदलून देण्याची, सोय आहे का, ती भारतात लागू आहे का, हे लेखी घ्या.

चाक आउट झालं, तर लगेच निपल फिरवू नका. आधी टेन्शन मीटरने स्पोकचे ताण मोजा. एक-दोन स्पोक सैल निघाले तर ठीक, तेवढेच आवळा. पण एकाच बाजूचे सगळे ताण सारखे आहेत आणि तरी एका जागी चाक बाहेर जातंय, तर बिघाड रिममध्ये आहे. स्पोक ओढून ते सरळ दिसेल, पण तुटलेल्या जागेवर ताण आणखी वाढेल. बऱ्याच कार्बन रिमना कमाल ताण १२० ते १३० केजीएफ (किलोग्रॅम-बल) असतो, तुमच्या रिमचा आकडा कंपनीच्या कागदावर बघा. निपल एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त नाही, आणि चपटा स्पोक होल्डरने धरूनच, नाहीतर निपलऐवजी स्पोकच पिळला जातो. डिस्कच्या पुढच्या चाकात रोटरच्या, म्हणजे ब्रेकच्या चकतीच्या, बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, दोन्ही बाजू सारख्या करायला जाऊ नका.

धुताना साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा. रॉकेल किंवा डिझेलने चेन धुवायची सवय असेल तर आधी मागचं चाक काढून बाजूला ठेवा, रोटरवर एक थेंब उडाला तरी पॅड बदलावे लागतात. पावसात चालवल्यावर चाक हळूहळू फिरवून रिमच्या निचऱ्याच्या भोकातून पाणी काढा. पावसाळा संपला की हब उघडा. रॅचेट किंवा पॉल (पायडलचा जोर चाकाला देणारे दातेरी भाग) पुसून त्याच कंपनीने सांगितलेलं पातळ ग्रीस अगदी थोडं लावा. जाड ग्रीस भरलं तर पॉल चिकटतात आणि पायडल रिकामं फिरतं. कॅसेटची (मागच्या गिअरच्या चक्रांची) लॉकरिंग ४० न्यूटन मीटरवर आवळा.

आणि खरेदीच्या दिवशीच दुकानातून जादा स्पोक मागून घ्या. पुढच्या-मागच्या चाकांच्या, डाव्या-उजव्या बाजूंच्या लांब्या वेगळ्या असतात, म्हणून प्रत्येक लांबीचे दोन, चार निपलसह. त्यांवर लांबी आणि बाजू लिहिलेली चिकटपट्टी लावून ठेवा. चपटे स्पोक नेमक्या मापाचे हव्या त्या दिवशी मिळत नाहीत, आणि एका स्पोकसाठी चाक महिनाभर भिंतीला टेकून राहतं.