आपला बैल ज्येष्ठात येतो

(कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या बालवाडी-अंगणवाडीच्या बाईंसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय दिलाय तो वर्षभरातल्या सणांचे खेळ वर्गात कसे आखायचे हा. त्याकडे येतेच, पण आधी मला बैलाचं बोलू द्या.

पुण्याकडून येणाऱ्या तयार उपक्रम-वह्यांत बैल ऑगस्टच्या पानावर असतो, कारण तिकडे पोळा श्रावणी अमावास्येला. आपला बैलांचा सण म्हणजे कारहुणवी, ती ज्येष्ठी पौर्णिमेला. पंचांगात ‘कर्नाटकी बेंदूर’ छापतात तीच. पुढच्या अमावास्येला मातीचे बैल पुजायचे. शाळा नुकती उघडलेली, नवी पोरं दाराशी रडतायत आणि घरोघरी देवापुढं बैलजोडी आलेली. वर्गात मात्र आंबा रंगवणं चाललेलं, कारण वहीत ते आहे! घरचा बैल विरघळून गेल्यावर दोन महिन्यांनी आपण मुलांना बैल करायला बसवतो. मला याचा खरंच राग येतो. निम्मी मुलं घरी कन्नड बोलणारी, निम्मी मराठी. त्या दिवसांत बैल दोघांच्याही घरी असतो. जूनमध्ये मुलांना एकत्र बसवायला याहून चांगलं काय मिळणार?

एका शाळेत बैल आले तेही प्लास्टरचे, पालकांनी विकत आणलेले. टेबलावर मांडले, मुलांना हाताची घडी घालून उभं केलं, फोटो काढला. ‘हात लावू नको, मोडेल!’ अहो, मोडू दे की. चार वर्षांच्या मुलाचा बैल मोडतोच. ते चार बारीक पाय उभे करतं, वर पोटाचा गोळा ठेवतं, पाय पसरतात आणि बैल बसतो. मूल सांगतं, ‘बाई, दमलाय तो.’ दुसऱ्या खेपेला तेच मूल पाय आखूड आणि जाड करतं. आपण काही सांगितलेलं नसतं, त्याच्या बोटांना कळलेलं असतं. शिंग ओढताना जी चिमूट तयार होते, तीच पुढं पेन्सिल धरते.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली म्हणे. बाकीचं वर्ष भरभर सांगते.

नागपंचमीला झोका बुटका बांधा, पाय जमिनीला टेकले पाहिजेत. हस्त नक्षत्र सप्टेंबरअखेर लागतं आणि आपली मोठी सुटी दसऱ्याची, म्हणून हादगा सुटी लागायच्या आधी उरकून घ्या. फेर थोडाच धरा, खिरापत ओळखणं लांबवा; डबा हलवून, वास घेऊन ओळखू दे. दिवाळीला तिकडच्या शाळा बंद, आपलं मात्र दुसरं सत्र सुरू झालेलं असतं. तेव्हा किल्ला शाळेच्या अंगणातच करा. मोहरी आठवडाभर आधी पेरा, म्हणजे दिवाळीपर्यंत उगवून येते. संक्रांतीला बोरं, ओला हरभरा, गाजरं एकत्र करून ठेवा. मुलं वेगळं करतील, मोजतील, सुगडं भरतील.

माती कुठली घ्यायची, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. कुंभाराकडची मळलेली मागून आणा. शेतातली घेतलीत तर वाळवून चाळा, खडे-काचा बघून घ्या, आदल्या दिवशी भिजत घाला. आपल्याकडच्या जूनच्या पावसात बैल लवकर वाळत नाहीत. खिडकीत ठेवू नका. जेवण शिजतं त्या खोलीत फळीवर ठेवा, आणि प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी घाला, नाहीतर घरी नेताना भांडणं होतात.