लघवीचा आकडा: पावसाळ्यात अचानक बंद पडणारी किडनी

(हातात मापाचं प्लास्टिकचं भांडं)

नमस्कार. हे भांडं बघा. अर्ध्या लिटरचं, बाजूला एमएलच्या रेघा. आमच्या विभागात डायलिसिसची, म्हणजे किडनीऐवजी रक्त गाळणारी, महागडी मशीनं आहेत, पण पेशंट दाखल झाला की घरच्यांच्या हातात मी आधी हे देते. चोवीस तासांत लघवी किती झाली ते यात मोजायचं आणि लिहून ठेवायचं.

मी कोकणातल्या एका सरकारी रुग्णालयात डायलिसिस टेक्निशियन आहे. 'किडनी फेल' हे शब्द कानावर पडले की नातेवाईक मटकन खाली बसतात. आता जन्मभर डायलिसिस, जमीन विकायची, संपलं सगळं. म्हणून पहिल्यांदा एवढंच ऐका: किडनी दोन तऱ्हांनी निकामी होते. एक वर्षानुवर्षं, हळूहळू. ती गेली की परत येत नाही. दुसरी अचानक, दोन-चार दिवसांत, आणि ही बऱ्याचदा पूर्ण बरी होते. अट एकच, पेशंट वेळेत पोचला पाहिजे. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर ही दुसरीच जास्त येते, आणि मला आज तिच्याबद्दल बोलायचंय.

आपल्या दोन किडन्या रोज रक्तातून साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं शरीराला परत देतात. उरते ती दीड-दोन लिटर लघवी. गाळायला रक्ताचा दाब लागतो. दाब पडला, किंवा विषानं, जंतूंनी गाळणीच खराब केली, की लघवी आटते. मोठ्या माणसाला दिवसभरात ४०० एमएलपेक्षा कमी झाली, तर तो धोक्याचा आकडा.

भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे तिशीचा एक शेतकरी आला होता. संध्याकाळी बांधावर घोणस चावली, घोट्याच्या वर. घरच्यांनी पायाला करकचून दोरी बांधली आणि भगताकडे नेलं. रात्र तिथेच गेली. सकाळी आणला तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त येत होतं.

डॉक्टरांनी एक साधी तपासणी केली. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन एमएल रक्त घेऊन ती स्टँडमध्ये उभी ठेवली. २० मिनिटं हात लावायचा नाही. मग हळूच तिरकी करायची. एरवी या वेळात रक्ताचा गोळा होऊन तळाशी बसतो. याचं रक्त पाण्यासारखं वाहिलं. त्याची आई शेजारी उभी होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं आणि किडनीलाही इजा करतं. एएसव्ही, म्हणजे सर्पदंशावरचं इंजेक्शन, रक्तात फिरणाऱ्या विषाला अडवतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांच्या विषावर एकच औषध, आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतं. पण किडनीला जी इजा होऊन गेली ती त्यानं भरून निघत नाही. म्हणून मी हात जोडून सांगते: दोरी नको, चिरा नको, विष चोखणं नको. पाय हलू न देता गाडीत घाला आणि थेट दवाखान्यात आणा. मंत्रात गेलेला तास किडनीच्या आयुष्यातून जातो.

पावसाळ्यातला दुसरा शत्रू लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरा-घुशींच्या, जनावरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात, चिखलात असतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईनं ही साथ पाहिली आहे. ताप, लाल डोळे, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की दाबू देत नाहीत. त्यात कावीळ दिसली, लघवी कमी झाली, तर उद्यावर टाकू नका. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. प्रतिबंधाच्या गोळ्या मिळतात.

आणि जुलाब-उलट्या. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली. तेच आजचं ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त नको.

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो ती. तापानं, जुलाबानं माणूस आधीच सुकलेला असतो आणि वर 'अंग फार दुखतंय, एक सुई मारा' म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेतो. पाणी कमी असताना किडनी आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवून कसाबसा तग धरत असते. असलं वेदनाशामक औषध नेमकी तीच सोय बंद करतं. ही औषधं मनानं घेऊ नका. तसंच पारा आणि शिसं असलेली भस्मंसुद्धा.

हळूहळू जाणाऱ्या किडनीबद्दल थोडक्यात. मोठी कारणं मधुमेह आणि बीपी. आंध्रातल्या उद्दानम भागात आणि श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात मात्र यांतलं काहीच नसलेल्या शेतकऱ्यांच्या किडन्या जातात. पाणी, उन्हातलं काम, कीटकनाशकं, सगळ्यांवर संशय आहे, पक्कं कारण ठरलेलं नाही. या प्रकारात दुखत काही नाही. शुगर किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) आणि लघवीतलं प्रोटीन तपासा.

किडनी पूर्ण गेली तर डायलिसिस, चार-चार तास, आठवड्यातून तीनदा. खर्चापायी, एसटीच्या वेळांपायी आपल्याकडे अनेक जण दोनदाच येतात. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात गरीब रुग्णांना ते मोफत आहे, महात्मा फुले योजनाही आहे. कागद आधी तयार ठेवा. आणि भेटायला येताना शहाळं आणू नका. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, बंद किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि हृदय थांबू शकतं. प्रेमानं आणलेलं शहाळं मी कित्येकांच्या हातातून काढून घेतलंय.

प्रत्यारोपण झालं तर डायलिसिस सुटतं. जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत आपल्या देशात बायकाच जास्त आहेत, आई आणि बायको. घेणाऱ्यांत मात्र पुरुष जास्त. हे मी रोज बघते आणि मला ते बोचतं.

(भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान दाखवत)

हे त्या शेतकऱ्याच्या आईनं मला देऊन टाकलं. जुलैचं पान. पहिल्या चौकटीत त्या दिवसाची लघवी, ६० एमएल. मग ४०. मग ५०. मानेत नळी घालून आम्ही डायलिसिस सुरू केलं, एक दिवसाआड. दहा दिवस आकडा शंभराच्या वर गेला नाही. ती रोज विचारायची, 'ताई, आज तरी?' अकराव्या दिवशी १८०. मग ३५०. मग ९००. सोळाव्या दिवशी २,८००, कारण सावरणारी किडनी आधी पाणी भरमसाट सोडते, आणि तेव्हा उलट भरपूर पाजावं लागतं. त्या चौकटीत काकूंनी आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल काढलाय. त्यानंतर डायलिसिस लागलं नाही. नळी काढली, टाका घातला, आणि दिवाळीआधी तो भात कापायला शेतात होता.