तेल झिरपते कुठून?

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींमधून निवृत्त झाली. तरी हौशी मालकांनी मायेने सांभाळलेल्या पद्मिनी अजूनही रस्त्यावर आहेत, आणि रात्रभर उभ्या गाडीखाली सकाळी दिसणारा तेलाचा काळा डाग त्या मालकांच्या चांगल्याच परिचयाचा आहे.

१०८९ सीसीच्या या चार सिलिंडरी इंजिनात गळतीचा शोध बहुधा चुकतो, तो डागावर विश्वास ठेवल्यामुळे. तेल टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या, कडेतून झिरपते, इंजिनाच्या अंगावरून ओघळते, पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकते आणि अखेर चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठणाऱ्या भांड्याच्या, कडेवरून टपकते. मग चेंबरचे पॅकिंग विनाकारण बदलले जाते आणि काही दिवसांत डाग पुन्हा उमटतो. म्हणून पाना हाती घेण्याआधी थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुवावे, पूर्ण कोरडे करावे आणि संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. त्यानंतर इंजिन थोडा वेळ चालवून, ते बंद केल्यावर, टॉर्चच्या उजेडात वरून खाली पाहत गेले, की पांढऱ्या पावडरीवर ओल जिथे सर्वांत वर दिसते तिथे गळतीचे मूळ सापडते.

टॅपेट कव्हरचे बुचाचे पॅकिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते. गळती थांबावी म्हणून नट आणखी आवळले, तर बुच चिरडते आणि पत्र्याची कड भोकांभोवती वाकते. अशी कड सपाट लाकडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ केल्याशिवाय नवे पॅकिंगही टिकत नाही. इंजिनावर बसवलेल्या पेट्रोलच्या पंपाच्या बुडाचे पॅकिंग आणि ऑइल प्रेशरचा स्विच या जागाही तपासाव्यात.

मात्र कोणतेही सील बदलण्यापूर्वी ब्रीदरची नळी पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पिस्टनच्या रिंगांपासून निसटणारा वायू या नळीवाटे बाहेर पडतो; ती काळ्या गाळाने तुंबली, तर आत दाब साठतो आणि तेल प्रत्येक कमकुवत सांध्यातून बाहेर ढकलले जाते. नळी मोकळी असूनही तेल भरण्याच्या झाकणातून धुराचे झोत येत असतील, तर रिंगा झिजल्या आहेत आणि पॅकिंग बदलून भागणार नाही.

पुढच्या बाजूस तेल उडालेले दिसल्यास टायमिंग कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या झाकणाचे, सील काढावे आणि पुलीच्या दांड्यावर नखाला लागणारी खाच पडली आहे का, हेही पाहावे, कारण अशा खाचेवर नवे सीलही तेल अडवू शकत नाही. मागे, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून पडणाऱ्या थेंबाचा वास घ्यावा. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल असते. वास इंजिन ऑइलचा असेल आणि वरच्या सांध्यांवरची पावडर कोरडी राहिली असेल, तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. त्याच वेळी क्लच प्लेट तेलाने भिजली आहे का, तेही तपासून घ्यावे.